कर्मचाऱ्यांची यादी गाळायची आणि लावायची कशी? एसक्यूएलचा घरगुती सराव

नांदेड-लातूरकडील बरीच मुले-मुली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कॉलेजांतून बीसीए किंवा संगणकशास्त्र शिकतात. प्रॅक्टिकलमध्ये ‘कर्मचारी’ हा तक्ता हमखास येतो, आणि पुढे दुकान, दवाखाना, शाळा कुठेही नोकरी लागली तरी हेच काम पुढ्यात येते. म्हणून आम्ही ते इथे एकत्र देत आहोत.

एसक्यूएल म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा. ई. एफ. कॉड यांनी 1970 मध्ये मांडलेल्या कल्पनेवरून आयबीएममध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी ती तयार केली. 1986 मध्ये ती अमेरिकेत प्रमाण ठरली. सरावासाठी एसक्यूएलाइट मोफत मिळते, जुन्या संगणकावरही चालते आणि एकदा घेतल्यावर नेट लागत नाही.

तक्त्यात हे रकाने घ्या : क्रमांक, नाव, गाव, विभाग, पगार, बँक खाते. दहा-पंधरा नोंदी स्वतः भरा. आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या असतात, इथे आम्ही उच्चाराप्रमाणे लिहितो :

सिलेक्ट नाव, पगार फ्रॉम कर्मचारी व्हेअर गाव = 'लातूर' ऑर्डर बाय पगार डेस्क;

म्हणजे काय, तर लातूरचे कर्मचारी काढा आणि जास्त पगाराचा वर ठेवा. ‘व्हेअर’ गाळते, ‘ऑर्डर बाय’ क्रम लावते. ‘डेस्क’ लिहिले नाही तर क्रम कमीकडून जास्तीकडे लागतो.

आता मुले कुठे अडकतात ते पाहू.

पहिली चूक : गाव = 'नांदेड' ऑर गाव = 'लातूर' अँड पगार > 15000. इथे ‘अँड’ आधी पाहिले जाते. त्यामुळे नांदेडचे सगळेच येतात, पगार कितीही असो. दोन्ही गावे कंसात घाला, किंवा गाव इन ('नांदेड', 'लातूर') लिहा.

दुसरी : पगाराचा रकाना अक्षरांचा ठेवला तर 15000 हा 9000 च्या आधी लागतो, कारण 1 हे 9 च्या आधी येते. रकाना आकड्यांचाच ठेवा.

तिसरी : ज्यांचे बँक खाते भरलेलेच नाही ते शोधताना = नल चालत नाही, एकही ओळ येत नाही. ‘इज नल’ लिहा.

चौथी आपल्या घरांशी जास्त संबंधित. एकाच माणसाचे नाव आधारवर मोहम्मद, टीसीवर महंमद आणि बँकेत मोहंमद असते. संगणकाला ही तीन माणसे वाटतात. नाव लिहून गाळले की दोन नोंदी गळतात, आणि पगाराच्या यादीतून कुणाचा तरी महिना जाऊ शकतो. नाव लाइक 'शेख%' लिहिले तर ‘शेख’ने सुरू होणारी सगळी नावे येतात, पण आडनाव शेवटी लिहिले असेल तर ती नावे सुटतात. म्हणून माणूस शोधायचा तो कर्मचारी क्रमांकाने. नाव फक्त वाचण्यासाठी.

शेवटचे. अपडेट किंवा डिलीट चालवण्याआधी तीच ‘व्हेअर’ अट सिलेक्टला लावून पाहा, किती ओळी येतात ते मोजा. अट विसरली तर सगळा तक्ता बदलतो.

रोज पाच प्रश्न घरीच सोडवा. आधी उत्तर कागदावर काढा, मग संगणकाशी ताडून पाहा. महिनाभरात हात बसतो.