ज्येष्ठांचे नैराश्य आणि सजगतेचे प्रशिक्षण

उतारवयातील नैराश्य पुष्कळदा ओळखलेच जात नाही. अंगदुखी, निद्रानाश, अन्नावरची वासना उडणे, विसराळूपणा अशा तक्रारींआड ते दडते आणि वयाचा परिणाम समजून त्याकडे दुर्लक्ष होते. २०१७-१८ मध्ये झालेल्या ‘लासी’ या राष्ट्रीय पाहणीत साठ वर्षांवरील ८.३ टक्के व्यक्तींमध्ये तीव्र नैराश्य सूचित करणारी लक्षणे आढळली. निदान झाल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण मात्र एक टक्क्याहूनही कमी होते.

औषधे व समुपदेशनाच्या जोडीला अशा व्यक्तींसाठी ‘माइंडफुलनेस’ अर्थात सजगतेच्या प्रशिक्षणाचा उपयोग केला जातो. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्याची सुरुवात केली. त्याचे मूळ बौद्ध ध्यानपरंपरेत असले, तरी इगतपुरीच्या विपश्यना शिबिराप्रमाणे दहा दिवसांचे मौन येथे नसते. आठ आठवडे, आठवड्यातून एकदा गटाने बैठक आणि उरलेले दिवस घरी सराव, असे त्याचे स्वरूप असते.

श्वासाकडे लक्ष देणे, पायांपासून डोक्यापर्यंतच्या संवेदना क्रमाने न्याहाळणे आणि सौम्य हालचाली हे त्यातील मुख्य अभ्यास होत. नैराश्यात मन गतकाळातील चुका व दुःखे पुन्हा पुन्हा उगाळते. ‘आता आपला कोणाला उपयोग नाही’ हा केवळ एक विचार आहे, वस्तुस्थिती नव्हे, हे ओळखण्याची सवय या अभ्यासाने लागते. ज्येष्ठांसाठी जमिनीऐवजी खुर्ची, छोटी सत्रे आणि घरच्या सरावाकरिता ध्वनिमुद्रित सूचना सोयीच्या ठरतात.

सिगल, विल्यम्स व टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी या पद्धतीला विचारोपचाराची जोड दिली. ब्रिटनमध्ये ४२४ प्रौढ रुग्णांवर झालेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, या उपचाराच्या आधारे औषधे टप्प्याटप्प्याने कमी करणाऱ्या गटातील ४४ टक्के, तर औषधे चालू ठेवणाऱ्या गटातील ४७ टक्के रुग्णांना दोन वर्षांत नैराश्य पुन्हा जडले. हा उपचार औषधांहून सरस ठरला नाही. अमेरिकेत ५५ ते ८५ वर्षे वयाच्या ४० व्यक्तींच्या २०१२ मधील अभ्यासात एकाकीपणाची भावना घटल्याचे दिसले. मात्र हा अभ्यास लहान होता.

म्हणूनच प्रशिक्षणापूर्वी वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते. थायरॉइडचे विकार किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांचीही लक्षणे नैराश्यासारखी असू शकतात. डॉक्टरांच्या सल्ल्याविना औषधे बंद करणे धोक्याचे असते. आत्महत्येचे विचार व्यक्त करणाऱ्या व्यक्तीला तातडीने उपचार मिळायला हवेत. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.