न आलेल्या इंधनाची पाणबुडी

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने अटलांटिकमध्ये उतरवलेल्या पाणबुड्या बहुतांशी टाइप सात या जातीच्या होत्या, आणि त्या खऱ्या अर्थाने पाणबुड्या नव्हत्याच. त्या समुद्रावरून चालायच्या आणि गरज पडली की बुडी मारायच्या. डिझेल इंजिनाला हवा लागते, म्हणून पाण्याखाली गेलं की सगळा भार बॅटरीवर. वेग जेमतेम साडेसात नॉट, म्हणजे ताशी 14 किलोमीटर, आणि तोही फार तर तास-दीड तास. मग बॅटरी भरायला वर यायचं. वर आलं की रडार आणि विमानं टपलेलीच. एकट्या मे 1943 मध्ये जर्मनीच्या 41 पाणबुड्या बुडाल्या. त्यांतल्या यू-954 वर पाणबुडीदलाचा प्रमुख कार्ल डोनित्झ याचा धाकटा मुलगा पेटर होता.

पाण्याखाली वेगाने आणि बराच वेळ चालेल अशी बोट हवी, हे कीलच्या हेल्मुट वाल्टर या अभियंत्याने युद्धाच्या आधीपासून लावून धरलं होतं. त्याचा उपाय होता तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड. उत्प्रेरकावरून सोडलं की त्याची वाफ आणि ऑक्सिजन होतो. त्यावर टर्बाइन चालतं, बाहेरची हवा लागत नाही. 1940 मध्ये त्याच्या व्ही-80 या छोट्या प्रायोगिक बोटीने पाण्याखाली 28 नॉटपर्यंत वेग गाठला. पण हे इंधन महाग, संपर्कात येईल ते सहज पेटवणारं आणि पुरेसं बनवणं जर्मनीला न झेपणारं. त्यावर चालणाऱ्या मोठ्या टाइप अठरा बोटीचा आराखडा मात्र तयार होता. तिचा सांगाडा इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा, वर माणसं आणि यंत्रं, खाली इंधनाची प्रचंड टाकी.

इथे शुरर आणि ब्रोकिंग या नौदलाच्या दोन अभियंत्यांनी जे सुचवलं ते मला या सगळ्या कथेतलं सर्वांत सुंदर वाटतं. इंधन येणार नसेल तर ती खालची जागा बॅटऱ्यांनी भरून टाका. नवा शोध एकही नाही, सगळं हाताशी असलेलंच. टाइप सातमध्ये 124 सेल असायचे, इथे 372 बसले. 1943 च्या उन्हाळ्यात हा आराखडा मंजूर झाला आणि टाइप एकवीस जन्माला आली.

तिचा पाण्याखालचा वेग पृष्ठभागावरच्या वेगापेक्षा जास्त होता: खाली सतराच्या वर, वर साडेपंधरा नॉट. व्यापारी जहाजांच्या ताफ्यांचं रक्षण करणाऱ्या ब्रिटिश फ्लॉवर वर्गाच्या कॉर्व्हेटचा वेग होता 16. म्हणजे शिकार शिकाऱ्याच्या पुढे पळू शकणार होती. दबक्या पावलांनी जाण्यासाठी वेगळ्या, आवाज न करणाऱ्या छोट्या मोटरी होत्या. बॅटरी भरायलाही पूर्ण वर यायची गरज नव्हती. श्नॉर्केल नावाची नळी तेवढी पाण्याबाहेर काढली की डिझेल चालू. ही नळी मुळात डच नौदलाची. तिच्या तोंडाशी झडप असते. लाट वर आली की झडप बंद होते, पण इंजिन थांबत नाही. ते बोटीतलीच हवा ओढू लागतं. क्षणात दाब उतरतो, कानांत कळ येते, लाट ओसरली की हवा पुन्हा भसकन आत. खवळलेल्या समुद्रात हे तासन्‌तास चालायचं.

बांधणीचा भाग मात्र वाचवत नाही. मोटारउद्योगातून आलेल्या ओटो मेर्कर याने बोटीचे आठ तुकडे ठिकठिकाणी बनवून नदी-कालव्यांतून आणायचे आणि गोदीत जोडायचे असं ठरवलं. पोलादी कारखान्यांना जहाजाचा काटेकोरपणा माहीत नव्हता. तुकडे नीट जुळेनात, पुन्हा पुन्हा दुरुस्त करावे लागले. ब्रेमेनजवळ फार्गे इथे तर ‘व्हॅलेंटिन’ नावाचा काँक्रीटचा अवाढव्य कारखाना उभारायला घेतला. दर 56 तासांना एक बोट, असा त्याचा हिशेब. तिथे हजारो वेठबिगार आणि छळछावणीतले कैदी राबवले गेले, त्यांतले हजारावर मेले. मार्च 1945 मध्ये ब्रिटिश बॉम्बनी त्याचं छप्पर फोडलं. एकही बोट तिथून बाहेर पडली नाही. टाइप एकवीसच्या हुशारीचं कौतुक करताना ही माणसं वगळली तर ते कौतुक खोटं ठरतं.

एकूण 118 बोटी नौदलात दाखल झाल्या, पण दुरुस्त्या, बॉम्बहल्ले आणि खलाशांचं प्रशिक्षण यांत वेळ गेला. शत्रूच्या शोधात निघाल्या त्या दोनच. यू-2511 घेऊन आडालबर्ट श्ने युद्धाच्या शेवटच्या आठवड्यात नॉर्वेच्या बर्गेनहून निघाला. युद्धबंदीचा आदेश मिळाल्यावर आपण एका ब्रिटिश क्रूझरवर लुटुपुटीचा हल्ला केला आणि तिला पत्ताही लागला नाही, असं त्याने नंतर सांगितलं. टाइप एकवीसने एकही जहाज बुडवलं नाही.

तिचा वंश विजेत्यांनी चालवला. अमेरिकेने नेलेल्या यू-2513 मधून राष्ट्राध्यक्ष ट्रूमन नोव्हेंबर 1946 मध्ये की वेस्टजवळ खोल पाण्यात जाऊन आले. अमेरिकेने आपल्या जुन्या पाणबुड्या त्या धर्तीवर बदलून घेतल्या. सोव्हिएत रशियाच्या व्हिस्की आणि झुलू वर्गांतही तिच्या कल्पना उतरल्या. झुलूनंतरचा फॉक्सट्रॉट वर्ग. त्यातली कलवरी ही भारताची पहिली पाणबुडी, 1967 ची. दुसरी शाखा जर्मनीतच वाढली. युद्धात यू-बोटीवर अभियंता असलेल्या उलरिख गाब्लरने ल्यूबेकला आराखडे करणारी संस्था काढली, आणि तिच्या टाइप 209 वरून भारताचा शिशुमार वर्ग आला. त्यातल्या दोन कीलमध्ये बांधल्या. शल्की आणि शंकुल मुंबईच्या माझगाव गोदीत. शल्की 1992 मध्ये नौदलात आली, भारतात बांधलेली पहिली पाणबुडी.