आधी बाहुली, मग माणूस



जळकोटहून मी इंजिनिअरिंगला गेले, वर्गातल्या काही मैत्रिणी नर्सिंगला गेल्या. आमच्या संगणक क्षेत्रात एक साधा नियम आहे. नवा प्रोग्रॅम ग्राहकाच्या चालू यंत्रणेवर थेट टाकायचा नाही, आधी वेगळ्या यंत्रणेवर चालवून पाहायचा. मैत्रिणी सांगतात, त्यांनी पहिली सुई टोचली ती मात्र जिवंत माणसाच्या दंडात. तो माणूस बहुधा सरकारी दवाखान्यातला असायचा, गरीब आणि सिस्टरला 'नको' म्हणायला बिचकणारा. म्हणूनच नकली रुग्णावर शिकण्याचा, म्हणजे सिम्युलेशनचा, इतिहास मला आपल्या भागाच्या जिव्हाळ्याचा वाटतो.

ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत शिष्याने चिरफाडीचा सराव भोपळा, काकडी अशा फळांवर आणि पट्ट्या बांधण्याचा सराव माणसाच्या पुतळ्यावर करावा, असे सांगितले आहे. शास्त्र पाठ असले तरी हात तयार हवा, हा त्यामागचा विचार.

आधुनिक नर्सिंगमध्ये ही बाहुली १९११ साली आली. अमेरिकेतील हार्टफर्ड रुग्णालयाच्या परिचारिका विद्यालयासाठी मार्था चेस या बाहुल्या बनवणाऱ्या बाईंनी मोठ्या माणसाच्या मापाची बाहुली तयार केली. 'मिसेस चेस' याच नावाने ती ओळखली जाऊ लागली. तिला उचलणे, कूस बदलणे, अंथरूण घालणे हे सगळे मुली तिच्यावर शिकत. त्याच सुमारास आपल्याकडे रमाबाई रानड्यांच्या पुणे सेवासदनाने (स्थापना १९०९) ससून रुग्णालयात मुलींच्या परिचारिका प्रशिक्षणाची वाट खुली केली. चांगल्या घरच्या मुलींनी हे काम करू नये, असे समाज म्हणत होता तेव्हाची ही गोष्ट.

१९६० मध्ये नॉर्वेतील खेळणी बनवणारे आस्मुंड लेर्डाल यांनी तोंडाने श्वास देण्याच्या सरावासाठी 'रिससी अॅन' बनवली. त्याच दशकात दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात 'सिम वन' हा संगणकावर चालणारा पुतळा तयार झाला. त्याची छाती वरखाली होई, पापण्या लवत. मला मात्र त्याच विद्यापीठातल्या डॉ. हॉवर्ड बॅरोज यांची युक्ती जास्त भावते. १९६३ मध्ये त्यांनी एका धडधाकट व्यक्तीला आजाराची लक्षणे शिकवून विद्यार्थ्यांसमोर रुग्ण म्हणून बसवले. त्यासाठी यंत्र लागले नाही.

याने खरेच शिकता येते का? अमेरिकेत दहा नर्सिंग अभ्यासक्रमांत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. वॉर्डातल्या तासांपैकी निम्म्यापर्यंत तास दर्जेदार सिम्युलेशनला दिले, तरी ज्ञानात, कौशल्यात आणि परवाना परीक्षेत त्या मुली मागे पडल्या नाहीत. आपल्या भारतीय परिचर्या परिषदेनेही २०२१ च्या बी.एस्सी. नर्सिंगच्या सत्रपद्धतीच्या अभ्यासक्रमात सिम्युलेशनला जागा दिली आहे.

पण 'दर्जेदार' या शब्दात सगळे आले. पुतळा कपाटात कुलूपबंद राहिला, किंवा सरावानंतर काय चुकले, का चुकले यावर बाईंनी मुलींना बोलते केले नाही, तर पैसा वाया. शिवाय तयार प्रोग्रॅममधला रुग्ण इंग्रजीत कण्हतो. आपल्याकडची आजी म्हणते, "बाई, डोळ्यापुढं अंधारी येऊलाली, जीव घाबरा होऊलालाय." त्यातून साखर उतरली की हृदयाचे दुखणे आहे, हे ओळखायला वेगळा सराव लागतो.

तो सराव बॅरोज यांच्या पद्धतीने होऊ शकतो. गॅदरिंगमध्ये म्हाताऱ्याची हुबेहूब नक्कल करणारे आपल्या बॅचमध्ये कमी नव्हते! ज्या मैत्रिणी आज सिस्टर आहेत किंवा नर्सिंग शिकवतात, त्यांनी आपल्या बोलीतले असे पाच-दहा रुग्ण लिहून काढावेत. मुलींनी सरावात काय विचारले, काय राहून गेले, याची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम मी करून देते. संमेलनाच्या दिवशी जेवणानंतर यासाठी थोडा वेळ बसू या.