वस्तादाच्या कामाची वाटणी

नसरापूरहून वेल्ह्याकडे निघाले की वाटेत विंझर लागते. तिथल्या एखाद्या मुलीला आज खेळाडूंच्या शरीरावर काम करायचे असेल, तर तिच्यापुढे दोन वाटा येतात: दुखावलेले सांधे-स्नायू पूर्ववत करणारी फिजिओथेरपिस्ट व्हायचे, की ताकद वाढवणारी प्रशिक्षक. ही वाटणी वाटते तितकी जुनी नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात व्यायामाचे माप वैद्यानेच सांगितले आहे. अंगी असलेल्या बळाच्या निम्म्यापर्यंत श्रम करावेत आणि निम्मी मर्यादा श्वासावरून ओळखावी, असा तो दंडक. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लासा'त मल्लांच्या खुराकाची नि सरावाची तपशीलवार दखल आहे. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवा जन्म दिला.

आपण थोडे अधिक रेंगाळावे ते मात्र बडोद्यात. सयाजीरावांच्या त्या नगरीत जुम्मादादा नावाच्या उस्तादाच्या आखाड्यात गजानन यशवंत तांबे तयार झाले आणि प्रो. माणिकराव म्हणून ख्यातीस आले. ते जोर-जोडी शिकवत, सांघिक कवायत घेत आणि निखळलेले हाडही बसवत. कुस्तीत खांदा उतरला तर दवाखाना शोधावा लागत नसे, कारण पाडणारा नि सावरणारा हौदा एकच होता. १९०७ ते १९१० या काळात त्यांच्याकडे शिकलेले जगन्नाथ गणेश गुणे म्हणजेच पुढचे स्वामी कुवलयानंद. त्यांनी गुरूची विद्या जशीच्या तशी पुढे नेली नाही, ती उपकरणांखाली तपासली. बडोद्यात क्ष-किरणांच्या साहाय्याने यौगिक क्रियांचा अभ्यास करून १९२४ साली लोणावळ्यात त्यांनी कैवल्यधाम स्थापन केले. वस्तादाच्या हाताला जे कळत होते, ते कागदावर मांडता येते का, हा त्यांचा प्रश्न होता. माझ्या मते आपल्याकडच्या व्यायामशास्त्राचे खरे वळण इथे आहे.

युरोपातही आरंभ असाच एकत्र होता. १८१३ साली स्टॉकहोममध्ये व्यायामसंस्था उघडणारे पेर हेन्रिक लिंग मुळात पट्टेबाजीचे शिक्षक. पण तिथून निघालेली उपचाराची शाखा आपल्याकडे आखाड्याच्या वाटेने नव्हे, रुग्णालयाच्या दारातून आली. पोलिओ झालेल्या मुलीसाठी धडपडलेल्या फातिमा इस्माईल यांनी १९४७ साली मुंबईत अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था काढली आणि पुढच्या दशकाच्या आरंभी केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. त्याच सुमारास, १९५२ साली, गोळेश्वरचे कुस्तीगीर खाशाबा जाधव हेलसिंकी ऑलिंपिकहून कांस्यपदक घेऊन आले, ते मात्र लाल मातीच्या पुण्याईवर. दोन्ही प्रवाह एकमेकांना भेटले नाहीत.

ते एकाच संघात दिसू लागले क्रिकेटमुळे. १९९९ साली अँड्र्यू लायपस भारतीय संघाचे फिजिओ झाले आणि थोड्याच वर्षांत दक्षिण आफ्रिकेचे एड्रियन ल रू स्वतंत्र फिटनेस ट्रेनर म्हणून आले. ही जोडी यशस्वी ठरल्यावर फ्रँचायझी नि अकादम्यांनी तिचीच नक्कल केली, आणि करिअर म्हणून तरुणांना हे क्षेत्र दिसू लागले. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने फिजिओथेरपीला नोंदणीकृत व्यवसायाची चौकट दिली. ताकद घडवणाऱ्यांच्या बाजारात मात्र अजून प्रमाणपत्रांचीच गर्दी आहे. त्यामुळे आधी फिजिओथेरपीची पदवी घ्यावी आणि ताकदीचे शिक्षण तिच्यावर चढवावे, हे विंझरच्या त्या मुलीने केले, तर माणिकरावांकडची दोन्ही कामे तिच्या हाती येतील, शिवाय वेळ पडल्यास रुग्णालयातली नोकरीही.