दिवेलागण ठरवायची कोणी?

दिवेलागण हा आपल्याकडे वेळेचाही शब्द आहे आणि कृतीचाही. देवापाशी दिवा लावायची वेळ घड्याळ सांगत नसे, अंगणातला उजेड सांगत असे. वाहनांच्या बाबतीत कायद्याने दोन्ही मापे ठेवली आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०५ नुसार सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने वाहनाचे दिवे लागलेले असले पाहिजेत. शिवाय पुरेसा उजेड नसेल, तर ते कोणत्याही वेळी लावले पाहिजेत. पहिली अट पंचांग पाहून पाळता येते. दुसरीसाठी मात्र कोणीतरी उजेड जोखावा लागतो.

हे काम बरीच वर्षे फक्त चालकाच्या डोळ्यांकडे होते. ते यंत्राकडे कसे गेले, याचा इतिहास रंजक आहे आणि उपयोगाचाही. कारण जुन्या गाडीला आपोआप लागणारे हेडलाइट बसवू पाहणाऱ्याला त्यातला जवळजवळ प्रत्येक टप्पा आडवा येतो.

समुद्रातली सुरुवात

आरंभीच्या मोटारींचे दिवे कार्बाइडचे होते. कार्बाइडवर पाणी ठिबकले की ॲसिटिलीन वायू तयार होई. चालकाने खाली उतरायचे, दिव्याची काच उघडायची आणि काडी लावायची. त्या काळी समुद्रातल्या तरंगत्या दिव्यांतही हाच वायू जळे. तिथे रोज संध्याकाळी काडी लावायला जाणार कोण? स्वीडनचे अभियंते गुस्ताफ दालेन यांनी १९०७ मध्ये यावर ‘सूर्यझडप’ शोधली. चकचकीत दांड्यांच्या मध्ये एक काळी दांडी. दिवसा काळी दांडी उजेड शोषून अधिक प्रसरण पावे आणि वायूची वाट बंद करी. अंधारात ती आकसली की वाट उघडे आणि दिवा पेटे. वीज नाही, घड्याळ नाही. अशा स्वयंचलित नियंत्रकांसाठी दालेन यांना १९१२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याच वर्षी एका स्फोटात त्यांची दृष्टी गेली होती आणि पारितोषिक त्यांच्या वतीने भावाने स्वीकारले.

मोटारीवर ही झडप आली नाही, कारण मोटारीचा दिवाच बदलला. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे आले. काडी गेली, बटण आले. आता उजेडाची विजेशी गाठ घालणारे काहीतरी हवे होते. त्याचे बीज जुनेच होते: समुद्री तारयंत्राच्या केबलसाठी सेलेनियम तपासताना, त्याचा विद्युतरोध उजेडात घटतो, हे विलोबी स्मिथ यांनी १८७३ मध्येच जाहीर केले होते.

डॅशबोर्डवरचा डोळा

१९५२ मध्ये अमेरिकेच्या जनरल मोटर्सने कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबाइल गाड्यांवर ‘ऑट्रॉनिक आय’ देऊ केला. डॅशबोर्डवर काचेआड बसवलेली ही प्रकाशनळी समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड ओळखून अप्परचा डिपर करी. दिवे लावण्या-विझवण्याचे काम मात्र चालकाकडेच राहिले. तो टप्पा १९६४ च्या कॅडिलॅकने गाठला. ‘ट्वायलाइट सेंटिनल’ ही तिची सोय संधिप्रकाशात दिवे आपोआप लावी आणि गाडी बंद केल्यावर उतरणाऱ्याला वाट दिसावी म्हणून ते थोडा वेळ चालू ठेवी.

दालेन यांची दांडी उन्हाने तापून कामाला लागायची, म्हणजे तिची चाल संथ होती. विजेचा डोळा क्षणात प्रतिसाद देतो आणि तीच त्याची अडचण आहे. झाडाची सावली आली, उड्डाणपूल आला की दिवा लाग-विझ करणार. म्हणून त्याला मुद्दाम संथ करावे लागते. दिवा ज्या उजेडाला लागतो, त्याहून बऱ्याच जास्त उजेडाला तो विझला पाहिजे आणि मध्ये काही सेकंदांचा विलंब हवा.

जुन्या गाडीचा स्वभाव

जुन्या गाडीला ही सोय जोडताना सेन्सर सर्वांत सोपा भाग असतो. तो काचेआड, आकाशाकडे तोंड करून बसवावा. समोर रोखला तर रस्त्यावरचे दिवेच त्याला फसवतात. खरा प्रश्न विजेचा असतो. साठ वॅटचे दोन बल्ब बारा व्होल्टवर दहा अँपिअर ओढतात. हा भार सेन्सरने पेलायचा नसतो. त्याने फक्त रिलेला इशारा द्यायचा आणि रिलेने फ्यूजमार्गे बॅटरीतून वीज घ्यायची. इशाऱ्याची तार इग्निशनमागे हवी, नाहीतर उभी गाडी रात्रभर दिवे जाळेल. डायनॅमोच्या गाडीत इंजिन मंद असताना चार्जिंग जवळजवळ होत नाही, त्यामुळे शहरातल्या गर्दीत बॅटरी उतरते. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बहुतेक ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. तिथे आजचा सेन्सर न तपासता जोडला तर तो जळतो.

आपल्या जुन्या स्कूटरींना तर हा उपाय लागूच पडत नाही. मॅग्नेटोवर चालणाऱ्या स्कूटरचा दिवा आठवा: ॲक्सिलरेटर पिळला की लख्ख, सिग्नलला थांबले की मिणमिणता. दिव्याला बॅटरीच नाही, तर सेन्सरने साठवलेली वीज आणायची कुठून?

दुसरी वाट

काही देशांनी उजेड जोखण्याचा प्रश्नच काढून टाकला. स्वीडनने १९७७ मध्ये दिवसाही दिवे लावून चालवणे सक्तीचे केले. कॅनडाने डिसेंबर १९८९ पासून बनणाऱ्या नव्या गाड्यांना दिवसाचे दिवे अनिवार्य केले. भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबरच लागतो. त्या वेळी ‘ताई, लाइट चालू आहे’ असे ओरडून सांगणारे हितचिंतक गल्लोगल्ली होते. दिवा स्वतःला दिसावे म्हणून असतो, ही आपली समजूत त्या हाकेत होती. इतरांना आपण दिसावे म्हणूनही तो असतो.

कॅनडा आणि भारतातले हे नियम नव्या वाहनांसाठी आले, जुनी वाहने चालकाच्या डोळ्यांवरच राहिली. संध्याकाळ हळूहळू उतरते आणि डोळा तिच्याबरोबर सरावत जातो. ‘अजून दिसतंय की’ असे चालकाला वाटते तेव्हाच त्याची गाडी इतरांना दिसेनाशी होत असते. भोवतीच्या गाड्यांचे दिवे लागलेले असले, तर बिनदिव्याची गाडी आणखीच हरवते. इथे सेन्सर माणसाहून सरस ठरतो, कारण तो सरावत नाही. घाटातल्या भर दिवसाच्या धुक्यात मात्र त्याला पांढरा उजेड भरपूर मिळतो आणि तो गप्प बसतो. त्या वेळी दिवा हातानेच लावावा लागतो.

म्हणून जुन्या गाडीला हा डोळा बसवणाऱ्याने दोन गोष्टी सोडू नयेत. मूळ बटण काढू नये आणि सेन्सरच्या इशाऱ्यावर पुढच्या दिव्यांबरोबर मागचेही लागतील अशीच जोडणी करावी. पुढचा दिवा लागला नाही तर चालकाला लवकर कळते. मागचा लागला नाही, हे मात्र मागून येणाऱ्याला कळते आणि तेही बहुधा उशिरा.