ताडीवरची साय



केळवे-माहीमपासून तारापूर, डहाणूपर्यंत आपल्या किनाऱ्याला ताड, माड आणि शिंदीची झाडं आहेत. ताडी म्हटली की आपल्यापैकी पुष्कळजणींच्या कपाळाला आठी पडते. पिण्यापायी घर कसं बसतं, ते आपण पाहिलेलं आहे. पण त्याच मडक्यातून दारू नसलेली एक वस्तू निघते. ती म्हणजे शिरका, ज्याला बाजारात व्हिनेगर म्हणतात.

पहाटे झाडावरून उतरवलेला रस गोड असतो. काही तासांत यीस्ट त्यातली साखर खातं आणि दारू तयार होते. रस उघडा राहिला की दुसरे जीव, म्हणजे जिवाणू, त्या दारूचं आम्ल करतात. मडक्यातल्या रसावर पातळ साय धरते. ही साय म्हणजे त्या जिवाणूंचीच वस्ती.

दह्याचं विरजण सगळ्या दुधात मिसळतं, त्याला हवा लागत नाही. शिरक्याचं विरजण मात्र वर तरंगतं, कारण त्याला वरून हवा हवी आणि खालून दारू. साय ढवळून बुडवली की काम थांबतं, आणि नवी साय धरेपर्यंत वाट पाहावी लागते.

आपल्या भागात शिरका जुना आहे. वसई, तारापूर, डहाणू हा पट्टा पोर्तुगीजांकडे होता. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत आधी तारापूर आणि मग वसई मराठ्यांनी घेतली. पोर्तुगीजांना मांस द्राक्षाच्या आंबट दारूत मुरवायची सवय होती. इथे ती दारू सहज मिळत नव्हती, म्हणून ताडी-माडीचा शिरका त्या जागी आला. वसईच्या ख्रिस्ती घरांतलं इंद्याल आणि गोव्याचं विंदालू त्यातूनच आलं. नवसारीचे पारशी उसाच्या रसाचा शिरका करतात.

हे करणाऱ्या हातांना जिवाणू ठाऊक नव्हते, पण साय मोडायची नाही हे ठाऊक होतं. फ्रान्समधल्या ऑर्लियन्स गावचे कारागीरही तसंच करत. पिंप अर्धवट भरायचं, तयार शिरका खालून काढायचा आणि नवी दारू सायीला धक्का न लावता आत सोडायची. त्या काळी मोठमोठे रसायनशास्त्रज्ञ म्हणत, यात जिवंत काही नाही, नुसत्या हवेने दारू आंबते. लुई पाश्चरने १८६४ मध्ये दाखवून दिलं की साय जिवंत आहे आणि हवेतला प्राणवायू तीच दारूपर्यंत पोचवते. इंग्रजीत या सायीला शिरक्याची ‘आई’ म्हणतात. नाव अगदी शोभून दिसतं.

हे कळल्यावर पुढच्या गोष्टींचं कारणही कळतं. भांडं पसरट तोंडाचं घ्यावं, म्हणजे हवा जास्त मिळते. ते मातीचं, काचेचं किंवा चिनी मातीचं असावं. तांब्या-पितळेचं आणि अ‍ॅल्युमिनियमचं नको, आम्ल ते खातं. तोंडाला स्वच्छ फडकं बांधावं, म्हणजे हवा जाते आणि चिलटं अडतात. आधीचा न उकळलेला शिरका थोडा घातला तर विरजण लवकर लागतं. काम व्हायला काही आठवडे लागतात. दारू संपल्यावरही भांडं उघडं ठेवलं, तर हेच जिवाणू शिरकाही खाऊन टाकतात. म्हणून तयार झाला की गाळून बाटली काठोकाठ भरावी आणि घट्ट बुच लावावं.

दुकानातली स्वस्त बाटली घेताना लेबल वाचा. कारखान्यातल्या अ‍ॅसेटिक आम्लात पाणी घालून केलेल्या मालावर ‘सिंथेटिक’ असं लिहावंच लागतं. आंबवून केलेल्या शिरक्यात, नियमानुसार, किमान पावणेचार टक्के आम्ल हवं.

गटाने हे काम धरायचं, तर आधी कागद नीट करायला हवेत. महाराष्ट्रात ताडी काढायला, बाळगायला आणि विकायला १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवाना लागतो. तेव्हा आधी राज्य उत्पादन शुल्क कार्यालयात विचारायचं. विक्रीसाठी अन्नसुरक्षेची नोंदणीही हवी.

दुपारनंतर आंबलेली, न खपलेली ताडी एक तर पोटात जाते, नाही तर फेकली जाते. तिसरी वाट या मातीत शेकडो वर्षांपासून आहे. येत्या बैठकीत विषयपत्रिकेवर हा विषय घ्या आणि घरच्या थोरल्या बायांना विचारा, शिरका कोणाकोणाला येतो. ती माहिती वहीत उतरवून ठेवूया.