रानपारव्यांच्या वाटेवरची लपण

इंग्लंडच्या पूर्व व दक्षिण भागांतील शेतकऱ्यांना हरीण वा रानडुकरापेक्षा अधिक धास्ती एका पक्ष्याची असते. तो म्हणजे 'वुडपिजन', अर्थात रानपारवा. आपल्या इमारतींवर घुमणाऱ्या पारव्याहून हा आकाराने बराच मोठा. मानेवर पांढरा डाग आणि उडताना पंखांवर ठळक दिसणारी पांढरी पट्टी ही त्याची ओळख. ब्रिटनमध्ये त्याच्या पन्नास लाखांहून अधिक जोड्या घरटी करतात. वाटाणा, गहू, सातू आणि विशेषतः 'रेप' हे मोहरीवर्गीय तेलबियांचे पीक हे त्याचे आवडते खाद्य. थव्याने उतरलेले पारवे कोवळ्या रेपचा एक पट्टा फस्त करून टाकतात.

या पारव्यांची लपणीतून, नकली पक्ष्यांच्या आमिषाने शिकार करणे हा तेथील ग्रामीण जीवनाचा जुना भाग आहे. या विद्येतील अधिकारी मानले गेलेले मेजर आर्ची कोट्स यांनी १९६०च्या दशकात तिच्यावर पुस्तकही लिहिले. नेमबाजी त्यात येतेच. पण लपण कोठे बांधायची हा निर्णय चुकला, तर उत्तम नेमबाजही दिवसभर रिकाम्या आकाशाकडे पाहत बसतो.

म्हणून जाणकार शिकारी पहिल्या दिवशी बंदूक बाहेर काढतच नाही. दुर्बीण घेऊन तो शेताच्या कडेला तास-दोन तास थांबतो. पारवे कोठून येतात, कोणत्या झाडांवर विसावतात, शेताच्या नेमक्या कोणत्या कोपऱ्यात उतरतात, हे तो टिपून ठेवतो. रानपारव्याच्या हवेतही वाटा ठरलेल्या असतात. झुडपांच्या जिवंत कुंपणाची रांग, दोन राईंमधील फट, दरीचा उतार, क्वचित विजेच्या तारा यांच्या आधाराने तो ये-जा करतो. वारा फिरला की ही वाट थोडी सरकते, पण सहसा मोडत नाही. लपण याच वाटेखाली, आणि शक्यतो पक्षी जेथे चरत आहेत त्याच्या जवळ हवी. शेताच्या दुसऱ्या टोकाला छान आडोसा आहे म्हणून तेथे बसणे ही नवख्यांची नेहमीची चूक. आमिष कितीही आकर्षक असले, तरी ज्या कोपऱ्याकडे पक्ष्यांचे लक्षच नाही तेथे ते वळत नाहीत.

पीक आणि ऋतू यांनुसार जागा बदलते. वसंतात वाटाणा किंवा सातूच्या ताज्या पेरणीवर पारवे सरसकट उतरतात. जुलै-ऑगस्टमध्ये उभ्या गव्हात त्यांना उतरता येत नाही. मग वादळी पावसाने पीक जेथे लोळले असेल, तेवढाच तुकडा त्यांचा असतो. कापणीनंतर धसकटांतील सांडलेले दाणे टिपण्यासाठी ते शिवारभर पांगतात. हिवाळ्यात रेपवर येणारे थवे मोठे, पण सर्वांत संशयी. एका शेतातून उठवले की पलीकडच्या शेतात जाऊन बसतात.

यानंतरचा विचार वाऱ्याचा. पारवा वाऱ्याकडे तोंड करून उतरतो. त्यामुळे वारा शिकाऱ्याच्या पाठीमागून किंवा बाजूने येईल अशी जागा पाहिली जाते. वारा समोरून आला, तर पक्षी मागच्या बाजूने डोक्यावरून येतात आणि लपणीतली हालचाल वरून सहज टिपतात. सूर्यही पाठीशी असावा, म्हणजे डोळे दिपत नाहीत आणि लपणीची समोरची बाजू सावलीत राहते. मागे दाट कुंपण किंवा झुडूप असणे आवश्यक. अन्यथा आकाशाच्या पार्श्वभूमीवर माणसाची आकृती उठून दिसते. लपण स्वतः साधीच असते: चार-पाच खांब, हिरवट-तपकिरी जाळी आणि तेथल्याच फांद्या, गवत. परक्या जागेहून आणलेला पाला मात्र पारव्याच्या तीक्ष्ण नजरेला खटकतो.

लपणीपासून साधारण वीस-पंचवीस मीटरवर नकली पारवे घोड्याच्या नालेच्या आकारात मांडले जातात. मधली मोकळी जागा येणाऱ्या पक्ष्याला उतरण्याचे निमंत्रण ठरते. छऱ्यांचा प्रभावी मारा सुमारे पस्तीस-चाळीस मीटरच असतो. मात्र भरकटलेले छर्रे दोनशे मीटरच्या पलीकडेही जाऊ शकतात. त्यामुळे समोर पायवाट, रस्ता, घर किंवा चरणारी गुरे असतील, तर इतर सर्व गोष्टी जुळूनही ती जागा सोडावी लागते. जमीनमालकाची परवानगी आणि पोलिसांकडील शॉटगन परवाना ही पूर्वअट आहेच.

एवढ्यावर विषय संपत नाही. ब्रिटनमध्ये १९८१च्या वन्यजीव कायद्याने सर्वच रानपक्ष्यांना संरक्षण आहे. रानपारव्याला मारण्याची मुभा 'सर्वसाधारण परवान्या'खाली मिळते. मार्क एव्हरी, ख्रिस पॅकहॅम व रूथ टिंगे यांच्या 'वाइल्ड जस्टिस' या संस्थेने या परवान्यांना कायदेशीर आव्हान दिल्यावर एप्रिल २०१९ मध्ये 'नॅचरल इंग्लंड'ने ते तडकाफडकी मागे घेतले. ऐन वसंतातील पेरणीच्या हंगामात शेतकरी हवालदिल झाले, तर पक्षिमित्रांनी या निर्णयाचे स्वागत केले. थोड्याच दिवसांत रानपारव्यासाठी नवा परवाना आला. तो पिकांचे गंभीर नुकसान टाळण्यापुरताच होता. बुजगावणे, आवाजाच्या तोफा असे अहिंसक उपाय अपुरे ठरतात तेथेच बंदूक, असा त्याचा रोख होता. केवळ हौसेसाठी लपण बांधणाऱ्याला त्यात जागा नाही.

गोळ्या झाडून पारवे कमी होतात का, हा प्रश्न त्याहून जुना आहे. रोनाल्ड मर्टन या संशोधकाने केंब्रिजशायरमध्ये केलेल्या अभ्यासात दिसले, की हिवाळ्यातील सरसकट शिकारीने एकूण संख्या फारशी घटत नाही. संख्या ठरते ती हिवाळ्यात मिळणाऱ्या खाद्यावर. पुढे १९७०च्या दशकापासून रेपची लागवड वाढली आणि हिवाळ्याची ती चणचण शेतीनेच दूर केली. बंदुकीचा उपयोग मुख्यतः नुकसान होत असलेले विशिष्ट शेत राखण्यापुरता उरतो. उन्हाळ्याच्या अखेरीस, शिकार जोरात असताना अनेक घरट्यांत पिल्ले असतात, हा आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगा नाही.

भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अशा शिकारीला बंदी आहे. महाराष्ट्राने तर हरियल या पारव्याच्याच कुळातील पक्ष्याला राज्यपक्ष्याचा मान दिला आहे. हुरड्यात आलेली ज्वारी राखण्यासाठी आपल्याकडे माळ्यावर उभे राहून गोफण फिरवतात. राखणदार पाखरांना दुरूनच दिसावा, त्याची आरोळी शिवारभर ऐकू जावी, हाच तेथे हेतू असतो. इंग्लंडमधला शिकारी मात्र जाळीआड श्वास रोखून बसतो. पीक दोघांनाही वाचवायचे असते.